सुटले त्याची बातमी झाली, परतले त्याची नाही

आम्ही पुण्यात विश्रांतवाडीच्या बाजूला राहतो त्यामुळे येरवडा जेल आमच्यासाठी पेपरातली गोष्ट नाही, रोजच्या रस्त्यावरची आहे. रिक्षा जेल रोडला वळली की ती भिंत लागते, मुलाखतीला आलेली माणसं पिशव्या घेऊन उभी दिसतात, कडेवर पोर असलेल्या बायका दिसतात. मी ज्या शाळेत शिकवायचे तिथे जेलमधल्या वॉर्डरांची मुलं होती आणि आत असलेल्यांचीही होती, एकाच बाकावर बसायची कधीकधी, त्यांना त्याचं काही नव्हतं. दिवाळीच्या आधी कारागृहाच्या विक्री केंद्रात लोक सतरंज्या, पाट, लाकडी सामान घ्यायला जातात आणि काम किती मजबूत आहे म्हणून तोंडभरून कौतुक करतात. १८७१ पासूनचं जेल, त्यात पिढ्यान्‌पिढ्या शेजार, तेव्हा मला वाटायचं की निदान आमच्या भागातल्या लोकांना आतल्या माणसांची भीती कमी असेल. २०२० साली कळलं की तसं काही नसतं.

त्या वर्षी २३ मार्चला, कोरोना जेलांत पसरू नये म्हणून, सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणात सगळ्या राज्यांना सांगितलं की उच्चाधिकार समिती नेमा आणि कुठल्या कैद्यांना पॅरोलवर किंवा तात्पुरत्या जामिनावर सोडता येईल ते ठरवा, उदाहरण म्हणून सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेले गुन्हे दिले होते. सरन्यायाधीश तेव्हा शरद बोबडे होते, आपले नागपूरचे. तीनच दिवसांत गृहमंत्री अनिल देशमुखांनी जाहीर केलं की महाराष्ट्रातून साधारण ११ हजार कैदी सोडणार. हायकोर्टाचे न्यायमूर्ती अमजद सय्यद समितीवर होते, मे महिन्यात त्या समितीने निकष आणखी सैल केले आणि आकडा १७ हजारांपर्यंत गेला. ही सगळी माहिती नीट छापून आली होती. कोणाला सोडणार, कोणाला नाही, यूएपीए म्हणजे दहशतवादविरोधी कायदा, मकोका म्हणजे संघटित गुन्हेगारीचा, मनी लाँडरिंग, पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा, अमली पदार्थ, ठेवीदारांना बुडवणारे, असल्यांना नाही, सगळं स्पष्ट होतं. पण लोकांपर्यंत पोचलं ते एवढंच की जेल उघडलं.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या रात्री जे सुरू झालं ते अजून आठवतं. आपल्याला घरात कोंडलंय आणि चोरांना मोकाट सोडलंय. आता रात्री गच्चीचं दार लावा. टाळ्या-थाळ्या वाजवून दोन-चार दिवस झाले नव्हते, सगळेच घाबरलेले, दूधवाल्याची पिशवीसुद्धा साबणाने धुवायचो आपण, त्यामुळे ती भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. आणि नंतर भीतीला खाद्यही मिळालं. येरवड्यातच एका वसतिगृहाच्या इमारतीत तात्पुरतं कारागृह केलं होतं, नवीन पकडलेल्यांना थेट जेलात न नेता आधी तिथे ठेवायचे, तिथून त्या जून-जुलैत काही जण खिडकीतून पळून गेले. आता हे पळालेले आणि कोर्टाने कागद करून सोडलेले यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही एकाच खणात गेलं.

मला राग आला तो दुसऱ्या कारणाने. जेलातले लोक रोग घेऊन येतील हे सगळे इतक्या खात्रीने बोलत होते. अहो, रोग जेलात तयार झाला का? पुण्यात पहिले रुग्ण सापडले ९ मार्चला, ते दुबईची ट्रिप करून आलेले. आजार विमानाने आला, टॅक्सीने आला, मग बाहेरून आत गेला. जेल बाहेरच्यांना बंद दिसतं पण ते बंद नसतं, वॉर्डर ड्युटी संपवून घरी येतो, भाजीची गाडी आत जाते, नवा आरोपी रोज येतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या आर्थर रोडमध्ये एकदम ७७ कैदी आणि २६ कर्मचारी पॉझिटिव्ह निघाले. तिथली क्षमता ८०४ ची आणि आत माणसं अडीच हजारांच्या वर. येरवड्याची क्षमता २,४४९ आणि आत दुपटीहून जास्त. अख्ख्या राज्यातल्या जेलांची जागा सुमारे २४ हजारांची, आत ३६ हजार. आणि त्यातले चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटलाच अजून चालू आहे, ज्यांना कुठल्याही कोर्टाने दोषी म्हटलेलं नाही असे लोक. ग्रुपवर मी हे लिहिलं तर एक जण म्हणाले, मॅडम, काही केलं असेल म्हणूनच आत गेले ना. यावर काय बोलायचं. त्याच महिन्यात आमच्याच गल्लीतल्या दोघांवर मॉर्निंग वॉकला गेले म्हणून कलम १८८ खाली, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचा, गुन्हा दाखल झाला होता, ते मात्र सगळ्यांच्या मते बिचारे होते.

आता आमच्या इस्त्रीवाल्या काकांचं सांगते. नांदेडकडचे, गेटच्या बाहेर गुलमोहराखाली त्यांचं टेबल, कोळशाची इस्त्री, मागे पत्र्याची पेटी, त्यात प्रत्येक फ्लॅटचं गाठोडं वेगळं आणि कोणाचं कुठलं हे चिठ्ठी न लावता पाठ. त्यांचा धाकटा मुलगा मोटारसायकल चोरीच्या केसमध्ये आत होता. सोबतच्या दोघांनी गाडी उचलली, हा मागे बसला, असं त्याचं म्हणणं, खरं-खोटं कोर्ट ठरवेल, मी ठरवणार नाही. लोकांना माहीतच नसतं अशी गोष्ट पुढे आहे. त्या पोराला जामीन मंजूर झाला होता! कधीच झाला होता. पण १५ हजारांचा जामीनदार द्यायचा, जामीनदाराला त्याची ऐपत दाखवणारे कागद लागतात, काकांचं गावाकडे घर आहे पण सातबारा भावाच्या नावावर, इथे भाड्याची खोली, मालक म्हणाला मी कशाला कोर्टाच्या भानगडीत पडू. त्यामुळे जामीन मिळूनही पोरगा आतच. चार-पाच महिने नुसता एका सहीसाठी, कागदासाठी. आणि मग एप्रिलमध्ये विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांनी अर्ज भरून घेतला आणि तो जातमुचलक्यावर बाहेर आला, म्हणजे स्वतःच्या सहीवर. जी सही आधी चालत नव्हती ती साथीत चालली. सरकारने कैद्यांवर मेहेरबानी केली म्हणणाऱ्यांना मला ही एक गोष्ट सांगायची असते, की बाबांनो यातल्या कित्येकांना तर आधीच सोडायला हवं होतं, साथीने फक्त ते उघड केलं.

तो आला ते कसा आला. बस बंद, रिक्षा बंद. जेल ते त्यांची खोली तसं चालत यायचंच अंतर, म्हणून बरं. त्याच्याबरोबर सुटलेला एक पोरगा बीडकडचा होता, तो कसा गेला असेल देव जाणे. काकांनी त्याला चौदा दिवस खोलीत आत घेतलं नाही, स्वतःहून, कोणी सांगायच्या आधी. जिन्याखाली झोपायचा, ताट बाहेर ठेवायचे. मी काकांना विचारलं आत कसं होतं म्हणाला, तर त्यांनी त्यालाच बोलवलं, तो लांब उभा राहून सांगत होता. बराकीत पाठीवर झोपायला जागा नाही, सगळे एका कुशीवर, एकाला वळायचं झालं की रांगेतल्या सगळ्यांना वळावं लागायचं. अंतर ठेवा असं स्पीकरवरून सांगायचे. सगळे ऐकायचे आणि तसेच झोपायचे. रात्री कोणी खोकलं की अख्खी बराक जागी व्हायची, आणि खोकणारा शर्ट तोंडात कोंबून खोकायचा कारण लोक शिव्या द्यायचे. हे सांगताना त्याने हाताने करून दाखवलं, शर्टाची कॉलर ओढून दातात धरली. वीस-एकवीस वर्षांचं पोर.

सोसायटीने काय केलं, तर झूमवर मीटिंग घेतली आणि इस्त्रीचं टेबल बंद करायचं ठरवलं. कारण लिहिलं संसर्गाचं. आता संसर्गाचंच असतं तर मी समजू शकले असते, तेव्हा सगळंच बंद होतं, पण जूनमध्ये कामवाल्या बायका आल्या, पेपर सुरू झाला, गाडी धुणारा आला, आणि काकांचं टेबल तसंच बंद. मी मीटिंगमध्ये विचारलं की आता काय अडचण आहे, तर बरेच म्यूटवर गेले आणि सेक्रेटरी म्हणाले की मेंबर्सना सेफ वाटत नाहीये. कपड्यांच्या खिशात पैसे राहतात, घराच्या किल्ल्या राहतात, आता त्यांच्या घरात तसला मुलगा आहे. मी म्हणाले, गेली अकरा वर्षं काका खिशातल्या नोटा इस्त्री करून परत देतात, तुमच्याही दिल्यात. पुढे गणपतीच्या सुमारास टेबल परत लागलं, पण काही घरांनी गाठोडी पाठवणं कायमचं थांबवलं.

या सगळ्यावर लोक म्हणतात की गुन्हा केला त्याने भोगावं. ठीक आहे. भोगावं. पण काय भोगावं हे न्यायाधीश लिहून देतो ना, इतके महिने, इतकी वर्षं, साधी की सक्तमजुरी. त्यात कुठे लिहिलेलं नसतं की आणि जमल्यास न्यूमोनियाने मरावं. माणसाला कोंडल्यावर तो स्वतःचा मास्क, स्वतःचं अंतर, स्वतःचा डॉक्टर यातलं काही निवडू शकत नाही, ती जबाबदारी कोंडणाऱ्याची होते, म्हणजे शेवटी आपल्या सगळ्यांची. आणि ज्यांना सोडलं नाही त्यांच्यात म्हातारे आजारीही होते. ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी, एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी, पार्किन्सनने हात थरथरतात म्हणून पाणी प्यायला सिपर मागत होते, यूएपीएमुळे त्या सवलतीत बसले नाहीत, तळोजा जेलातून शेवटी हॉस्पिटलात न्यावं लागलं आणि ५ जुलै २०२१ ला जामिनाची सुनावणी चालू असतानाच गेले. खटला सुरूसुद्धा झाला नव्हता. त्यांच्या विचारांबद्दल कोणाचं काहीही मत असो, मला ही गोष्ट देश म्हणून लाजेची वाटते आणि ते मी अनेक ठिकाणी बोलले आहे.

पुण्याला तर हा विषय नवीन असायलाच नको होता. आपल्या शहरातून आजारपणामुळे मुदतीआधी सुटलेला सगळ्यात मोठा कैदी कोण? गांधीजी. १९२२ च्या मार्चमध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, येरवड्यात ठेवलं, १९२४ च्या जानेवारीत अपेंडिक्सचं दुखणं इतकं वाढलं की रात्रीच ससूनला हलवलं, कर्नल मॅडॉक यांनी १२ तारखेला ऑपरेशन केलं, मध्येच लाइट गेली म्हणून कंदिलाच्या उजेडात पूर्ण करावं लागलं. आणि ५ फेब्रुवारीला सरकारने उरलेली चार वर्षं माफ करून सोडून दिलं. पुढे १९३३ च्या मे महिन्यात उपास सुरू करताच येरवड्यातून सोडलं, ते जवळच्या पर्णकुटी नावाच्या बंगल्यात गेले. १९४४ ला आगाखान पॅलेसमधून सोडलं तेही तब्येतीमुळेच, त्याआधी कस्तुरबा तिथेच नजरकैदेत गेल्या होत्या. म्हणजे त्या परकीय सरकारलासुद्धा कळत होतं की आजारी कैदी आपल्या हातात मेला तर ते आपल्याला शोभणार नाही, भले त्यामागे लोकांची भीती असेल. गंमत नाही, पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी की गांधीजींना स्वतःला १९२४ ची सुटका आवडली नव्हती, कैद्याचं आजारपण हे सुटकेचं कारण होऊ शकत नाही असं त्यांनी तेव्हा लिहिलं होतं. मी त्यावर खूप विचार केला. मला वाटतं स्वतः होऊन तुरुंग पत्करलेला सत्याग्रही असं म्हणू शकतो, तो त्याचा अधिकार आहे. जामीनदार मिळत नाही म्हणून आत पडलेल्या पोराच्या वतीने ते आपण म्हणू शकत नाही.

आणि लवकर सुटका म्हटलं की लोक नेहमी चिडतात असंही नाही. २५ फेब्रुवारी २०१६ ला संजय दत्त याच येरवड्यातून चांगल्या वर्तणुकीची सूट धरून सुमारे आठ महिने आधी सुटला तेव्हा जेलबाहेर चॅनेलवाल्यांच्या गाड्यांची आणि बघ्यांची एवढी गर्दी होती की आमच्या रिक्षावाल्याने वळसा घेतला. नियमाने त्याला जी सूट बसत होती ती मिळाली, हायकोर्टानेही नंतर त्यात काही चूक धरली नाही, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या दिवशी सेल्फी काढायला गेलेल्यांपैकी दोघे तरी आमच्या त्या झूम मीटिंगमध्ये होते.

इथपर्यंत सगळं सोपं आहे, एका बाजूने बोलता येतं. माझ्या माहेरी भोरकडे जे झालं ते तेवढं सोपं नाही.

तिथे बांधावरून जुनं भांडण होतं, त्यात मारामारी झाली, एक माणूस गेला, आणि तिघांना जन्मठेप लागली. गेलेला माणूस माझ्या वहिनीच्या मावसबहिणीचा नवरा. म्हणजे मी कुठल्या बाजूची आहे ते कळलंच असेल. त्या तिघांतला एक, आमच्या गावचाच, २०२० च्या मेअखेर घरी आला. मे महिन्यात सरकारने पॅरोलच्या नियमात बदल केला होता, सात वर्षांपर्यंतची शिक्षा असलेल्यांना ४५ दिवसांची आकस्मिक अभिवचन रजा, म्हणजे तातडीचा पॅरोल, पुढे तीस-तीस दिवसांनी वाढत जाणारी, आणि त्याहून मोठी शिक्षा असलेल्यांनाही, पण आधीच्या दोन रजांवरून वेळेत परतलेला असेल तर. हा परतलेला होता. साथरोग कायद्याची अधिसूचना लागू असेपर्यंत ही रजा वाढत राहणार होती. तो कायदा १८९७ चा, म्हणजे प्लेगच्या वर्षातला. त्याच वर्षी प्लेगच्या नावाखाली घराघरात घुसणाऱ्या सोल्जरांमुळे पुणं पेटलं, गणेशखिंडीत रँडला गोळी घातली गेली आणि चापेकर बंधूंना पुढे याच येरवड्यात फाशी झाली. तोच कायदा सव्वाशे वर्षांनी त्याच जेलातून माणसं घरी पाठवायला कारण झाला.

गावाने त्याला वेशीवर थांबवलं. दक्षता समिती होती, मुंबईहून आलेल्यालाही थांबवत होते, हा तर जेलातून आलेला. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस. त्याची म्हातारी आई डबा घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत जायची. ते संपल्यावर घरी गेला. आणि माझ्या वहिनीची बहीण, तिला हे कधी कळलं? पाणी भरायला गेली तेव्हा. नळावर एक बाई म्हणाली, तो आलाय की गं, तुला म्हाइत न्हाई व्हय. तिला कोणी कळवलं नव्हतं. पोलिसांनी नाही, जेलने नाही, सरपंचाने नाही. तिने मला फोन केला, रडली नाही, तिचा आवाज एकदम सपाट होता. म्हणाली, ताई, कोर्टात साक्षीला बोलवताना तीन-तीनदा समन्स आणून दिलं, दारात शिपाई उभा राहिला, मग आता एक फोन करता येत नव्हता? माझ्या पोरी एकट्या रानात जात्यात.

मला तिचं शंभर टक्के पटतं. सुटकेच्या बाजूने इतकं सगळं बोलूनही पटतं. गुन्हा जिच्या घरात घडलाय तिच्या भीतीत आणि आमच्या सोसायटीतल्या गच्चीचं दार लावा वाल्या भीतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तिच्यासाठी एक फोन, एक माणूस, एवढीसुद्धा सोय कोणाला सुचली नाही. लोकांच्या मनात सुटकेबद्दल जी अढी बसली ना, त्यातली बरीच या न सांगण्यातून आलेली आहे असं माझं मत आहे. ज्याला सोडताय त्याच्याकडून महिन्याला पोलीस स्टेशनला हजेरी घेताय, मग जिचा नवरा गेला तिच्याकडे त्याच पोलीस स्टेशनचा माणूस एकदा जाऊन बसला असता तर काय बिघडलं असतं.

पण पुढचंही सांगितलं पाहिजे. तो माणूस जवळजवळ दोन वर्षं गावात राहिला. दुसरी लाट आली, २०२१ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने पुन्हा आदेश दिला, रजा वाढत गेली. या काळात तो हिच्या गल्लीतून एकदाही गेला नाही. देवळाकडे जायचा रस्ता तिच्या दारावरून आहे, तर तो ओढ्याच्या बाजूने, चिखलातून वळसा घालून जायचा, पावसाळ्यातसुद्धा. हे मला माझ्या भावाने सांगितलं, आणि मग तिनेही सांगितलं, न विचारता. त्याने घरचा भात लावला, मुलीचं दहावीचं वर्ष होतं ते झालं, आई गेली तिला खांदा दिला. दर महिन्याला भोरला हजेरी. गावात त्याला चहाला बोलवणारे होते आणि तो आला की पारावरून उठून जाणारेही होते, दोघांचंही मला समजतं.

आणि २०२२ च्या मे महिन्यात सरकारने सांगितलं, निर्बंध उठले, आता परत या. तो गेला. एसटीने स्वारगेटला, तिथून पीएमपीने येरवड्याला, पिशवीत दोन कपडे, टॉवेल आणि औषधाच्या गोळ्या. सोबत पोलीस नव्हता. भाऊ त्याला एसटी स्टँडवर भेटला होता म्हणून मला माहीत. स्वतःच्या पायाने जन्मठेपेत परत जाणारा माणूस मी तरी दुसरा ऐकला नव्हता, पण असे हजारो होते. सुटलेल्यांपैकी बरेच जण परत आले. शेकडो आले नाहीत हेही खरं, त्यांच्यावर कलम २२४ खाली, म्हणजे कैदेतून पळाल्याचे, गुन्हे नोंदवले, पोलीस शोधत फिरले, आणि बातम्या झाल्या त्या त्यांच्याच. पॅरोलवरचे कैदी फरार. हेडलाइन तेवढीच. जे रांगेत उभे राहून आत गेले त्यांचा फोटो कुठे आला नाही, आमच्या ग्रुपवर तर नाहीच, ज्या ग्रुपने सुटकेच्या रात्री दोनशे मेसेज टाकले होते तिथे परतीच्या महिन्यात आंब्याच्या पेट्यांची ऑर्डर चालू होती.

आणखी एक गोष्ट जी बहुतेकांना माहीतच नाही. संचित रजा, म्हणजे फर्लो, शिक्षेत धरली जाते. अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, धरली जात नाही. कोविडची रजा पॅरोलची होती. म्हणजे हा माणूस जी दोन वर्षं घरी राहिला ती त्याच्या शिक्षेतून कमी झालेली नाहीत, पुढे ढकलली गेलीत. सुप्रीम कोर्टानेही २०२३ मध्ये हरियाणाच्या एका प्रकरणात हेच सांगितलं की तो काळ शिक्षेत मोजायचा नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये दिल्लीतल्या सुटलेल्यांना पंधरा दिवसांत हजर व्हायला सांगितलं. लोकांना वाटतं फुकटात सुटले, शिक्षा माफ झाली. कोणाची काही माफ झाली नाही. वहिनीच्या बहिणीला मी हे समजावून सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारलं, म्हणजे ती दोन वर्षं त्याला परत काढावी लागणार? हो म्हटलं. म्हणाली, हे तरी कुणीतरी आधी सांगायला पायजे हुतं, मी दोन वर्षं नुसती जळत राहिले.

माझं म्हणणं एवढंच आहे की लोकांना नीट सांगितलं असतं तर लोक इतके वाईट वागले नसते. कोणाला, का, किती दिवस, कुठल्या अटीवर, आणि परत कधी, हे तालुक्याच्या पोलीस स्टेशनने, नगरसेवकाने, सोसायटीच्या चेअरमनने जरी समजून घेऊन सांगितलं असतं तरी पुष्कळ फरक पडला असता. आता नवीन कायदा आलाय, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच आरोपी असलेल्या कच्च्या कैद्याने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचंय, जन्मठेप-फाशीचे गुन्हे आणि एकाहून जास्त केसेस असलेले सोडून. म्हणजे साथ नसतानाही माणसं बाहेर येणार आहेत, यायलाच हवीत, आणि तेव्हा परत तीच दारं त्यांच्या तोंडावर लागणार असतील तर मग कठीण आहे.

इस्त्रीवाल्या काकांच्या मुलाची केस शिवाजीनगर कोर्टात अजून चालूच आहे. तारीख पडते, तो जातो, कधी साहेब रजेवर, कधी पंच आला नाही. मध्ये धानोरीच्या एका गॅरेजात लागला होता, हात चांगला आहे त्याचा, पण मालकाने पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं आणि तिथेच संपलं. आता वडिलांच्या टेबलाशेजारी दुसरं टेबल टाकून स्टीम इस्त्री करतो, आणि गाठोडी पोचवायला तो फ्लॅटमध्ये येत नाही, काकाच जिने चढतात, सत्तरीला आलेत.

आणि आमच्या सोसायटीने या वर्षी बाहेरून येणाऱ्या सगळ्या कामगारांसाठी फॉर्म काढलाय. नाव, आधार, फोटो, इथपर्यंत ठीक. खाली एक ओळ आहे, कुटुंबातील कोणत्याही व्यक्तीवर गुन्हा दाखल आहे का. काकांनी तो फॉर्म घेऊन मला विचारलं, ताई इथे काय लिहू. मी त्यांना म्हटलं तो रकाना कोरा ठेवा, आणि सेक्रेटरींना लेखी पत्र दिलंय की कामाला येणाऱ्याच्या घरच्यांची चौकशी करायचा सोसायटीला काही अधिकार नाही, ही ओळ काढा. उत्तर आलेलं नाही. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या म्हणून मी सात मेंबर्सच्या सह्या गोळा केल्यात, त्यातल्या तीन सह्या त्या घरांच्या आहेत ज्यांनी २०२० ला गाठोडी बंद केली होती.